स्वतःची वेबसाइट स्वतः चालवताना: पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवते आणि सांभाळते. गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई, कोथरूडमध्ये डबे पोचवणाऱ्या काकू, अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकांचं दुकान, भोसरीतला सुट्या भागांचा कारखाना, अशी सगळी मंडळी यात आहेत. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर डोमेनचा (साइटच्या इंटरनेटवरच्या नावाचा) आणि बॅकअपचा (साइटच्या जपून ठेवलेल्या प्रतीचा) प्रश्न तेवढे वाचाच. नुकसान तिथेच होतं.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर काम चालतंय. मग वेबसाइट हवीच का?

सगळ्यांना नाही. ठरलेली वीस गिऱ्हाइकं असतील आणि एकविसावं घ्यायची ताकद नसेल, तर व्हॉट्सॲप पुरेसं आहे. पण जो तुम्हाला ओळखत नाही, त्याला दर, वेळ, पत्ता आणि कामाचे नमुने एका जागी बघायचे असतात. शिवाय इन्स्टाग्रामचं खातं उद्या काही कारणाने बंद झालं, तर दाद कुठे मागणार? ती जागा भाड्याची आहे. वेबसाइट तुमची स्वतःची असते, अर्थात पुढचा प्रश्न नीट सांभाळला तरच.

डोमेन कुणाच्या नावावर असावं?

तुमच्या. साइट बनवणाऱ्याच्या नाही, भाच्याच्या नाही, दुकानातल्या कॉम्प्युटर जाणणाऱ्या मुलाच्याही नाही.

सदाशिव पेठेतल्या एका क्लासचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि तो ईमेल त्याने वापरणं सोडलं. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच ईमेलवर येत राहिल्या. एका सोमवारी सकाळी साइट बंद पडली आणि बाईंच्या हातात काहीच नव्हतं. पासवर्ड नव्हता, पावतीही नव्हती. नशिबाने मुलगा भला होता. फोन लागला, त्याने लॉगिन शोधून दिलं आणि आम्ही दंड भरून डोमेन सोडवलं. फोन लागला नसता तर बारा वर्षं पत्रकांवर छापलेलं नाव गेलं असतं.

आता नियम समजून घ्या. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपल्यावर बहुतेक विक्रेते नेहमीच्याच दरात रिन्यू करायला थोडी सवलतीची मुदत देतात. ती उलटली की सुमारे ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो आणि त्यात रिन्यूच्या कितीतरी पट पैसे पडतात. तोही संपला की पाच दिवसांत नाव बाजारात मोकळं होतं आणि कुणीही उचलू शकतं. म्हणून डोमेन घेताना स्वतःचा नेहमी उघडला जाणारा ईमेल द्या. तो खरा आहे याची खात्री करणारा मेल आला की लगेच क्लिक करा, कारण पंधरा दिवसांत खात्री झाली नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि तरीही घरातल्या कॅलेंडरवर तारीख लिहा, कारण कार्डाची मुदत संपलेली असेल तर ऑटो रिन्यूचा काही उपयोग होत नाही.

साइट बनवणाऱ्याला काम सुरू करण्याआधीच सांगा: डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), गुगलची खाती, सगळं माझ्या नावावर राहील आणि तुम्हाला मी लागेल तेवढा प्रवेश देईन. चांगला माणूस याला हरकत घेत नाही.

डॉट कॉम घ्यावं की डॉट इन?

गिऱ्हाईक पुण्यातलं, फार तर महाराष्ट्रातलं असेल तर डॉट इन छान. बाहेर माल जात असेल तर डॉट कॉम. परवडत असेल तर दोन्ही घेऊन एक दुसऱ्याकडे वळवा. नाव फोनवर एकदाच सांगून समोरच्याला लिहिता आलं पाहिजे, एवढी कसोटी पुरे. मधे आडवी रेघ किंवा आकडे असलेली नावं फोनवर सांगताना जीव जातो.

मराठीतलं डोमेन मिळतं का?

मिळतं. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. मला ते मनापासून आवडतं, पण एकटं ते घेऊ नका. कित्येक फॉर्म आणि ईमेल सेवा आजही देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. जोडीला घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा.

मराठी मजकूर टाकला तर भलतीच अक्षरं दिसतात. असं का?

तुमचा मजकूर छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. माहितीपत्रक करणाऱ्या डीटीपीवाल्याकडून फाइल येते. त्याच्या मशीनवर ती मराठी दिसते, पण आत सगळी रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. वेबसाइटवर तो फॉन्ट नसतो, म्हणून मुखवटा गळून पडतो. तोच फॉन्ट साइटवर बसवून दिसायला ठीक केलं तरी गुगलला मात्र अर्थहीन अक्षरंच दिसतात आणि शोधात तुमचं पान येत नाही.

उपाय एकच, युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहते अशी टायपिंगची पद्धत. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून देणारे फुकट कन्व्हर्टर आहेत, पण त्यानंतर ओळ न् ओळ वाचावी लागते. एका केटररच्या साइटवर «आमच्या अनुभवी आचाऱ्यांनी» च्या जागी «आमच्या अनुभवी आचार्यांनी» झालं होतं आणि चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वयंपाक करणारे आचारी आणि मठातले आचार्य यांच्यातला फरक तो अर्धा ऱ् सांभाळतो. दऱ्या आणि दर्या, तीच गोष्ट. ऱ्, ॲ, ळ आणि रफार एवढी चार ठिकाणं नजरेखालून घाला. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुक्त (Mukta), नोटो सान्स देवनागरी, बलू (Baloo) हे तिन्ही फॉन्ट मोफत आणि मोकळ्या परवान्याचे आहेत. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला साइट बनवणाऱ्याला सांगा. नाहीतर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात आणि पानाचा चेहराच परका वाटतो.

आणि कृपा करून मजकुराची चित्रं टाकू नका. दरपत्रकाचा फोटो गुगलला नीट वाचता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही, जे फोनकडून पान वाचून घेतात, त्यांच्यासाठी तर ते पान कोरंच असतं.

पानाचा पत्ता मराठीत ठेवला तर चालतो का?

चालतो, पण पाठवताना त्रास होतो. प्रत्येक देवनागरी चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. «उकडीचे-मोदक» एवढ्या पत्त्याची व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ९१ चिन्हं होतात आणि लोक ती लिंक फसवी समजून उघडत नाहीत. पानाचा पत्ता रोमन लिपीत, छोटा ठेवा. शीर्षक आणि मजकूर खुशाल मराठीत.

साइट होऊन महिना झाला, गुगलवर दिसतच नाही. काय चुकलं?

आधी गुगलमध्ये इंग्रजीत साइट (site), कोलन (:) आणि लगेच आपलं डोमेन, असं मधे जागा न सोडता टाइप करा. काहीच आलं नाही, तर गुगलने तुमची साइट घेतलेलीच नाही.

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर) असेल तर सेटिंग्जमधलं रीडिंग उघडा. सर्च इंजिनांना ही साइट घेऊ देऊ नका, अशा अर्थाचा एक चौकोन तिथे असतो. साइट बांधत असताना त्यावर टिक करतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायला विसरतात. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत हे कारण इतक्यांदा निघालंय की आता मी पहिलं तिथेच बघते.

टिक नसेल तर गुगल सर्च कन्सोलवर जा. ते मोफत आहे. डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करा, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या आणि आठवडाभर थांबा. कुठलं पान घेतलं, कुठलं नाही, का नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. लोकांनी काय शोधल्यावर तुमची साइट समोर आली हेही दिसतं, आणि मागच्या १६ महिन्यांचं दिसतं. माझ्या मते छोट्या व्यावसायिकाने शिकायचं एकच साधन असेल तर ते हे.

साइटपेक्षा गुगल मॅपवरूनच फोन येतात. मग तिकडेच लक्ष द्यावं का?

दोन्हीकडे. पण दुकान, क्लास, दवाखाना असेल तर आधी मॅप. गुगल बिझनेस प्रोफाइल मोफत असतं. खात्री करायला हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात. रस्ता दाखवा, दुकानाची पाटी दाखवा, शटर उघडून आत जा. प्रोफाइलवर तेच नाव द्या जे पाटीवर आहे. नावापुढे «पुण्यातील सर्वोत्तम» वगैरे जोडलं तर नियम मोडतो आणि प्रोफाइल बंद होऊ शकतं.

वेळेकडे नीट लक्ष द्या. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल तर सकाळची वेळ वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, अशा दोन नोंदी करता येतात. तुळशीबागेत दुपारी दोनला हडपसरहून आलेल्या बाईंना बंद शटर दिसलं तर त्या परत येत नाहीत, वर एक तारा देऊन जातात. सणासाठी वेगळ्या वेळा टाकायची सोय आहे. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, त्या दिवसाची नोंद आठवडाभर आधी करा. दिवाळीतही तसंच.

घरून काम करत असाल, म्हणजे डबे, शिवणकाम, शिकवण्या, तर घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो. कोथरूड, कर्वेनगर, वारजे अशी २० पर्यंत ठिकाणं घालता येतात. एकट्या राहणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून करायला लावते.

चांगली परीक्षणं कशी मिळवायची?

मागून. काम झाल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना, लिंक पाठवून. विकत घेऊ नका आणि परीक्षणाच्या बदल्यात सूट देऊ नका. दोन्ही गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. वाईट परीक्षण आलं तर दुसऱ्या दिवशी शांतपणे उत्तर लिहा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं.

«तुमची साइट पहिल्या पानावर आणून देतो, गॅरंटी» असे फोन येतात. खरं असतं का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय. असा माणूस बहुधा दोन गोष्टी करतो. कुणीही शोधत नाही अशा लांबलचक शब्दांवर तुमचं नाव वर दाखवतो, किंवा शेकडो भुक्कड साइटवरून तुमच्याकडे लिंक लावतो. दुसरी गोष्ट घातक आहे, कारण विकतच्या लिंक गुगल स्पॅममध्ये धरतं. कीवर्डचा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची न दिसणारी यादी) भरून देतो असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. गुगल तो टॅग विचारात घेत नाही, हे २००९ पासून जाहीर आहे.

खऱ्या लिंक ओळखीतून येतात. तुम्ही ज्या शाळेला वह्या पुरवता तिच्या साइटवर, ज्या मंडळाला वर्गणीबरोबर ध्वनियंत्रणा देता त्यांच्या पानावर, ज्या संघटनेचे सभासद आहात तिच्या यादीत. विचारा, लोक देतात.

साइटवर लिहू काय? मला लिहिता येत नाही.

फोनवर तुम्ही दिवसभर जे बोलता, तेच. एक वही काउंटरवर ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा.

डब्याच्या काकूंनी असं केलं. वहीत आलेले प्रश्न पहा: «चतुर्थीला उपासाचं देता का?», «पोळ्या किती?», «तेल कुठलं वापरता?», «मुलगा होस्टेलवर आहे, त्याने डबा परत दिला नाही तर?», «महिन्याच्या मधे गावाला गेलो तर पैसे वळते होतात का?» आम्ही प्रत्येकाचं चार-पाच ओळींत उत्तर लिहिलं आणि एक पान केलं. त्याआधी साइटवर «दर्जा हीच आमची ओळख» असलं एक वाक्य होतं, ते काढून टाकलं. आता त्यांच्याकडे येणारे फोन «मी वाचलंय, उद्यापासून दोन डबे हवेत» अशी सुरुवात करून येतात.

शब्द लोकांचे वापरा. कुणी कोथरूड लिहितं, कुणी कोथरुड. कुणी लक्ष्मी रस्ता म्हणतं, कुणी लक्ष्मी रोड. मजकुराच्या ओघात दोन्ही येऊ द्या. पुष्कळजण रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधतात, म्हणून व्यवसायाचं नाव आणि मुख्य सेवा एकदा रोमन लिपीतही असू द्या.

यंत्राकडून (एआयकडून) मजकूर लिहून घेता येतो, पण तुमच्या पोळ्या किती ते त्याला माहीत नाही. ढीगभर पानं अशी काढून साइट भरणं गुगलच्या धोरणानुसार स्पॅम ठरतं.

साइट फार हळू उघडते.

दहापैकी नऊ वेळा फोटो. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, साइटवर तो दीडशे-दोनशे केबीत छान दिसतो. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटो टाका, वेबपी (फोटोचा हलका प्रकार) निवडा, लांबी-रुंदी कमी करा. मग पेजस्पीड इनसाइट्सवर (साइटचा वेग मोजणाऱ्या गुगलच्या साधनावर) मोबाइलचे आकडे बघा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका. सिंहगडाच्या पायथ्याशी, दोन कांड्यांच्या रेंजवर साइट उघडली की झालं.

गुगलवर पैसे देऊन जाहिरात करावी का?

साइट आणि मॅप नीट झाल्यावर, आणि हंगामात. राख्या, मोदक, फराळ, दहावीनंतरचे क्लास. रोजची मर्यादा दोनशे-तीनशे रुपये ठेवून दहा दिवस बघा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये एक खोच आहे. मुळात जो पर्याय निवडलेला असतो त्यात पुण्यात असलेले आणि पुण्याविषयी रस दाखवणारे, असे दोन्ही लोक येतात. म्हणजे नागपुरात बसून पुण्याबद्दल शोधणाऱ्याच्या क्लिकचेही पैसे तुमच्या खिशातून जातात. फक्त त्या भागात असलेले लोक, हा पर्याय निवडा.

कागदी प्रचार सोडू नका. वर्तमानपत्रात घातलेलं पत्रक, पिशवीवरचा क्यूआर कोड, डब्याच्या झाकणावरचं स्टिकर अजून चालतं. क्यूआर थेट उपयोगाच्या पानावर न्या, मुखपृष्ठावर नको. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र आधी ॲडमिनला विचारून एकदाच टाका.

किती लोक आले ते कसं कळतं?

गुगल ॲनालिटिक्सने कळतं. बसवल्यावर एक सेटिंग लगेच बदला. सविस्तर माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते, ती १४ महिन्यांवर न्या, नाहीतर पुढच्या दिवाळीला गेल्या दिवाळीशी बारकाईने ताडून बघता येणार नाही. आणि फोन करणाऱ्याला विचारा, आमच्याबद्दल कुठे कळलं? ते उत्तरही वहीत लिहा.

बॅकअप होस्टिंगवाले घेतात ना?

घेतात, असं मीही धरून चालले होते. एका पावसाळ्यात माझ्याकडची एक साइट ज्या सर्व्हरवर होती तो बिघडला. बॅकअप मागितला तर कळलं की तोही त्याच सर्व्हरवर होता. एका लेखिकेचे सहा वर्षांचे प्रवासलेख त्यात होते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे जुन्या वेबपानांच्या प्रती जपलेल्या असतात) जे सापडलं ते एक एक पान उघडून मी परत उतरवलं. अकरा लेख आणि बहुतेक सगळे फोटो कायमचे गेले. त्यांना फोन करून हे सांगणं मला फार जड गेलं. चूक माझी होती. मी कधी तपासलंच नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी. आठवड्याला आपोआप गुगल ड्राइव्हवर, महिन्याला घरच्या हार्ड डिस्कवर. आणि दर तीन महिन्यांनी एक बॅकअप खरोखर उघडून, दुसरीकडे साइट उभी करून बघायची. न उघडलेल्या बॅकअपवर मी आता विश्वास ठेवत नाही.

ब्राउझर «सुरक्षित नाही» म्हणतो.

एसएसएल प्रमाणपत्र (साइट आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण सुरक्षित करणारं) नाही किंवा संपलंय. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं मोफत मिळतं. ते ९० दिवसांचं असतं पण होस्टिंगवर आपोआप नवं होतं. यासाठी वर्षाला हजारो रुपये मागत असतील तर होस्टिंग बदला.

साइट हॅक झाली हे ओळखायचं कसं?

बरेचदा साइट तुम्हाला नेहमीसारखीच दिसते आणि गुगलमध्ये मात्र तुमच्या नावाखाली जपानी अक्षरांतली शेकडो पानं येतात. वर सांगितलेला साइट-कोलनचा शोध महिन्यातून एकदा करा, लगेच कळेल. झालंच तर सगळे पासवर्ड बदला, स्वच्छ बॅकअपवरून साइट उभी करा, न वापरलेली प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) काढा. पुढे अपडेट वेळेवर करा आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

साइटवरून विक्री सुरू करायची आहे. काय काय लिहावं लागतं?

व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, फोन, ईमेल, परत घेण्याचे नियम आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. त्यांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी नंबर. गिऱ्हाइकाचा फोन नंबर, पत्ता घेत असाल तर तो कशासाठी घेताय ते स्पष्ट लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सीएंना एकदा विचारून घ्या.

इंटरनेटवरचे फोटो वापरले तर?

दुसऱ्याचे असतात ते. शनिवारवाड्याचा फोटो हवा असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर मिळेल, पण परवाना वाचा आणि फोटो काढणाऱ्याचं नाव द्या. त्यापेक्षा सकाळच्या उन्हात स्वतःच्या दुकानाचा फोटो काढा.

चौकशीचा फॉर्म भरल्यावर मेल येतच नाही.

बहुधा स्पॅममध्ये जातोय. फॉर्मचा मेल अधिकृत मेलखात्यातून, एसएमटीपीने (मेल पाठवायच्या नेहमीच्या रीतीने) पाठवण्याची सोय करायला सांगा आणि डोमेनला एसपीएफ व डीकेआयएम (मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या) नोंदी घालायला सांगा. मग महिन्याच्या एक तारखेला स्वतः फॉर्म भरून बघा.

व्यवसाय बंद करतोय. साइटचं काय करू?

लगेच सोडून देऊ नका. डोमेन सोडलं की कुणीही ते घेऊ शकतं आणि त्या डोमेनवरच्या तुमच्या जुन्या ईमेलवर येणारं सगळं त्याच्या हाती पडतं, बँकेचे आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे मेलसुद्धा. आधी ती सगळी खाती दुसऱ्या ईमेलवर न्या. मॅपवर «कायमचं बंद» अशी नोंद करा. साइटची पानं वेबॅक मशीनवर जतन करा. मग डोमेन आणखी दोन वर्षं चालू ठेवा आणि त्यावर एकच पान असू द्या: दुकान कधी बंद झालं, जुन्या मालाची दुरुस्ती आता कोण करतं, तुमच्याशी कसं बोलता येईल. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांसाठी असं पान केलं होतं. त्यावरचा नंबर लावून लोक अजून त्यांना विचारतात, आजोबांचं घड्याळ कुणाकडे नेऊ म्हणून.